पॅव्हेलियनबाहेरचा चहा

सोमवार सोडून कुठल्याही दिवशी सरोजिनी नगरच्या बाजारात शिरा. कपड्यांच्या ढिगांतून वाट काढताना कुठे ना कुठे एकात एक बसवलेल्या बेसबॉलच्या टोप्यांचे मनोरे दिसतातच. निळ्या टोपीवर एल आणि ए ही अक्षरं एकमेकांत गुंतलेली, गडद टोपीवर एन आणि वाय. विकणारा पोरगा एका हाताने टोपी बोटावर गरगर फिरवतो आणि दुसऱ्या हाताने पैसे मोजतो. "सौ की एक, डेढ़ सौ की दो!" हा त्याचा पुकारा दुपारभर चालू असतो.

माझं लहानपण याच भागात गेलं. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे आमचं क्वार्टर इथेच. या वसाहतीचं मूळ नाव विनय नगर. पुढे तिला सरोजिनी नायडूंचं नाव मिळालं, आणि हे नाव या प्रकरणात पुन्हा येणार आहे. आता जुनी क्वार्टर्स पाडून उंच इमारती उठताहेत. बाजार मात्र तसाच आहे, निर्यातीतून उरलेल्या मालाचा. परदेशी माणसाच्या मापाचे, परदेशी संघांच्या नावाचे कपडे इथे येतात आणि इथल्या अंगाखांद्यावर रुळतात.

मागच्या हिवाळ्यात पुण्याची भाची आली होती, तिला घेऊन गेलो. तिने निळी टोपी उचलली.

"मामा, एल ए म्हणजे लॉस एंजेलिस ना?"

"हो. तिथला डॉजर्स नावाचा संघ. पण १९५७ पर्यंत तो न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात खेळायचा. तेव्हा या टोपीवर नुसता बी असायचा."

"तुला कसं माहीत? तू तर क्रिकेटवाला."

तिला उत्तर द्यायला आम्ही चहाच्या टपरीवर थांबलो. चहा मातीच्या कुल्हडमधून आला. दिल्लीत आता कुल्हडचं कौतुक आहे, पाच-दहा रुपये जास्त देऊन लोक तो मागून घेतात. भाचीने दोन्ही हातांत धरून त्याचा वास घेतला, फोटो काढला. एकदा पिऊन फोडून टाकायचा हा पेला हातात आला की मला दरवेळी पुण्याचं एक मैदान आठवतं. तिला टोपीची गोष्ट सांगायची होती, सुरुवात मात्र पेल्यापासून झाली.

गोष्ट १८९० च्या दशकातली. पुण्यातल्या हिंदूंचा क्रिकेट संघ, मधल्या सुट्टीत चहापान. दहा खेळाडू पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपांतून चहा घेताहेत. अकरावा बाहेर उभा आहे, त्याचा चहा साध्या मातीच्या पेल्यात, पिऊन झाल्यावर फेकून देता येईल असा. जेवणाच्या वेळी त्याचं ताट वेगळं, टेबल वेगळं. हातपाय धुवायचे तर मैदानाच्या कोपऱ्यात जायचं, तिथे एखादा अस्पृश्य गडी पाणी घालणार. सुट्टी संपली की हाच माणूस चेंडू हातात घेणार आणि बाकीचे दहा जण त्याच्याकडे आशेने बघणार, कारण विकेट काढायच्या त्यानेच. चेंडू सगळ्यांच्या हातांतून फिरत त्याच्याकडे यायचा आणि परत सगळ्यांकडे जायचा. चामड्याच्या त्या चेंडूला विटाळ नव्हता.

हे बाळू पालवणकर. जुन्या धावफलकांवर नुसतं पी. बाळू असं लिहिलेलं सापडतं. जन्म १८७६ चा, धारवाडचा. जात चांभार. वडील लष्कराच्या नोकरीत, त्यामुळे मुलं पुण्यात वाढली. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू आणि धाकटा शिवराम खेळायला शिकले. पुढे विठ्ठल आणि गणपत. चारही भाऊ पहिल्या दर्जाचे खेळाडू निघाले.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातल्या पारशी क्लबात खेळपट्टी झाडायची आणि लाटायची. पगार महिना ३ रुपये. अधूनमधून सभासदांना चेंडू टाकायचे. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले, तिथे ४ रुपये. रोलर फिरवायचा, जाळी ठोकायची, मैदान आखायचं आणि साहेब लोकांना सराव द्यायचा. जे. जी. ग्रेग हा त्या काळचा नामांकित गोरा फलंदाज. मोठे सामने जवळ आले की तो सगळ्यांच्या आधी येऊन बाळूंकडून तासन्‌तास चेंडू टाकून घ्यायचा. त्याला बाद केलं की प्रत्येक वेळी तो आठ आणे बक्षीस द्यायचा, असं सांगतात. महिन्याला चार रुपये मिळवणाऱ्या पोराला आठ आणे म्हणजे जवळजवळ चार दिवसांची कमाई! तो चेंडू किती मन लावून टाकला जात असेल, याचा विचार करा.

बाळू डावखुरे फिरकी गोलंदाज होते. दोन्हीकडे चेंडू वळवायचे, हवेत त्याला हलकी वेलांटी द्यायचे, टप्पा हवा तिथे पाडायचे. जाणकार त्यांना हिंदुस्थानचा ऱ्होड्स म्हणू लागले. विल्फ्रेड ऱ्होड्स हा तेव्हाचा इंग्लंडचा सर्वश्रेष्ठ डावखुरा फिरकीपटू. मला सगळ्यात जास्त टोचतं ते मात्र वेगळंच. पूना क्लबात त्यांनी शेकडो तास गोलंदाजी केली, पण तिथे कुणीही एकदासुद्धा त्यांच्या हातात बॅट दिली नाही, असं सांगितलं जातं. गोलंदाजी म्हणजे राबणं, फलंदाजी म्हणजे मालकी. खेळातल्या कामांचीही अशी वर्णव्यवस्था होती.

हिंदूंच्या संघाला पूना क्लबाच्या गोऱ्यांना हरवायचं होतं आणि बाळूंसारखा गोलंदाज दुसरा नव्हता. काही ब्राह्मण खेळाडूंनी विरोध केला, काहींनी आग्रह धरला, शेवटी त्यांना घेतलं. घेतलं ते या चहाच्या अटींवर. सामने जिंकले. साताऱ्यात तिथल्या गोऱ्या जिमखान्याने बाळूंच्या फिरकीला निष्प्रभ करण्यासाठी खास खेळपट्टी लाटून तयार केली होती, तरी बाळूंनी सात गडी बाद केले. त्यानंतर मात्र पुण्यात सूर बदलला. न्यायमूर्ती रानड्यांनी जाहीरपणे विचारलं की ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खायला-प्यायला काय हरकत आहे. टिळकांनीही सभेत बाळूंचा सत्कार केला. पेला हळूहळू पॅव्हेलियनच्या आत गेला.

मी हे सांगत असताना भाचीचा चहा निवून गेला होता. "आणि टोपी?" ती म्हणाली.

टोपीची गोष्ट अशी. बाळू आठ वर्षांचे असताना, म्हणजे १८८४ मध्ये, मोझेस फ्लीटवूड वॉकर नावाचा कृष्णवर्णीय खेळाडू अमेरिकेतल्या टोलेडोच्या संघातून वरच्या दर्जाच्या लीगमध्ये खेळत होता. नंतर काही वर्षांतच संघमालकांनी आपापसांत दार लावून घेतलं. कुठेही लेखी नियम नव्हता. फक्त कुणीही काळा खेळाडू घ्यायचा नाही, एवढंच ठरलं आणि साठ वर्षं पाळलं गेलं. पुण्यात एका अस्पृश्य पोराला चेंडू टाकायला आत घेतलं जात होतं, तेव्हा तिकडे मुळात आत असलेल्यांना बाहेर काढलं जात होतं.

बाहेर काढलेल्यांनी आपल्या वेगळ्या लीग उभारल्या आणि तिथे असे खेळाडू झाले की आजही नावं घेताना आवाज चढतो. जोश गिब्सन हा त्यांतला फटकेबाज. तो २० जानेवारी १९४७ रोजी, वयाच्या ३५ व्या वर्षी गेला. दार उघडायला तेव्हा तीन महिनेही उरले नव्हते. २०२४ मध्ये त्या वेगळ्या लीगचे आकडे मुख्य नोंदवहीत धरले गेले आणि गिब्सनची फलंदाजीची सरासरी, .३७२, अमेरिकी बेसबॉलच्या इतिहासात सर्वांत वरची ठरली. तो जाऊन ७७ वर्षं झाल्यावर.

दार उघडलं १५ एप्रिल १९४७ ला, ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर, जॅकी रॉबिन्सन पाठीवर ४२ नंबर घालून मैदानात उतरले तेव्हा. जन्म १९१९ चा, जॉर्जियातल्या कैरो गावचा. वडील घर सोडून गेले, आईने पाच मुलं घेऊन कॅलिफोर्नियातलं पॅसाडेना गाठलं आणि लोकांच्या घरी कामं करून त्यांना वाढवलं. थोरला भाऊ मॅक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये २०० मीटर शर्यतीत जेसी ओवेन्सच्या मागोमाग दुसरा आला. रौप्यपदक घेऊन घरी परतलेल्या या माणसाला पॅसाडेनात रस्ते झाडायचं काम मिळालं. जॅकी यांनी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. खेळात कितीही पुढे गेलात तरी बाहेर आल्यावर तुमच्या हातात काय दिलं जातं, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

ते शांत स्वभावाचे होते असा एक समज आहे, तो साफ चुकीचा. १९४४ मध्ये सैन्यात अधिकारी असताना बसच्या मागच्या बाजूला जाऊन बस म्हटल्यावर त्यांनी नकार दिला. कोर्ट मार्शल झालं, ते निर्दोष सुटले. अशा तापट माणसाला डॉजर्सचे कारभारी ब्रँच रिकी यांनी २८ ऑगस्ट १९४५ ला बोलावलं आणि जवळजवळ तीन तास बोलत बसले. रिकी खुर्चीतून उठून कधी शिव्या देणारा प्रेक्षक, कधी हॉटेलात खोली नाकारणारा कारकून, कधी अंगावर धावून येणारा खेळाडू बनले. रॉबिन्सननी विचारलं की उलट हात उगारायला घाबरणारा माणूस तुम्हाला हवाय का? रिकींना हवा होता तो हात न उगारण्याइतकं धैर्य असलेला माणूस.

पहिल्या दिवशी त्यांच्या बॅटने एकही हिट दिली नाही. एक धाव मात्र काढली आणि डॉजर्स जिंकले. मग सुरू झालं ते सगळं. फिलाडेल्फियाचा व्यवस्थापक बेन चॅपमन आपल्या खेळाडूंना घेऊन कडेला बसून इतक्या घाणेरड्या शिव्या घालत राहिला की शेवटी डॉजर्सचाच एडी स्टँकी, जो सुरुवातीला रॉबिन्सनच्या येण्यावर नाराज होता, तिकडे वळून ओरडला की जो उत्तर देऊ शकतो अशा कुणाशी तरी भिडा. जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रं यायची. रॉबिन्सननी शब्द पाळला. त्या मोसमात त्यांनी २९ बेस चोरले, लीगमध्ये सर्वांत जास्त, आणि त्याच वर्षी सुरू झालेला सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा पुरस्कार त्यांना मिळाला. १९४९ मध्ये .३४२ ची सरासरी आणि सर्वांत मौल्यवान खेळाडूचा मान.

बेस चोरणं ही गोष्ट मराठी वाचकाला आट्यापाट्यांवरून चटकन कळेल. बेसबॉलचं मैदान हिऱ्याच्या आकाराचं. चार कोपऱ्यांना चार बेस, दोन बेसमध्ये ९० फुटांचं अंतर, चौथा कोपरा म्हणजे होम, जिथे बॅट घेऊन खेळाडू उभा असतो. फिरून होमला पोचलात की एक धाव. पिचर चेंडू टाकायला तयार होत असताना बेसवर उभा असलेला धावपटू पुढच्या बेसकडे सटकू शकतो. यालाच चोरणं म्हणतात. पाटी अडवणाऱ्याला हूल देऊन पुढच्या कोंडीत जातात तसंच. रॉबिन्सन बेसवर उभे राहिले की दोन पावलं पुढे, एक मागे, गुडघे वाकवलेले, हात लोंबते, सगळं अंग थरथरतंय, जणू आता सुटलेच. पिचरची नजर सारखी त्यांच्याकडे जायची. ती एकदा विचलित झाली की समोरच्या फलंदाजाला सोपा चेंडू मिळायचा. चोरी झाली नाही तरी हूल वाया जायची नाही. सगळ्यात अवघड म्हणजे होम चोरणं, कारण पिचरचा चेंडू तिकडेच येत असतो आणि कॅचर तिथेच टपून बसलेला असतो. मोठमोठे खेळाडू आख्ख्या कारकिर्दीत ते एक-दोनदा करतात. रॉबिन्सननी दहा मोसमांत १९ वेळा केलं.

पाच दशकांच्या अंतराने, दोन वेगळ्या खेळांत, या दोन माणसांसाठी दार उघडलं ते एकाच किल्लीने, असं मला वाटतं. हिंदूंच्या संघाला गोऱ्यांना हरवायचं होतं. डॉजर्सना अजिंक्यपद हवं होतं. दोन्हीकडे भल्या माणसांची सदिच्छा होती, ती खोटी नव्हती, पण ती सदिच्छा कामाला लागली ती जिंकायची निकड आली तेव्हा. आणि निकडीने उघडलेलं दार हातांपुरतंच उघडतं. डाव कसा खेळायचा, कोण कुठे उभं राहील, हे ठरवायची खुर्ची त्या दारातून दिसत नाही. बाळूंची पुढची पंचवीस वर्षं या खुर्चीबाहेर गेली.

पुण्यात प्लेग आला तेव्हा बाळू मुंबईला गेले. तिथे रेल्वेत नोकरी आणि हिंदू जिमखान्याकडून खेळ. फेब्रुवारी १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू आणि युरोपियन यांच्यात सामना झाला. हिंदू २४२ आणि १६०, युरोपियन १९१ आणि १०२. हिंदू १०९ धावांनी जिंकले. बाळूंचे आठ बळी. शिवरामही त्या संघात होते. 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या साप्ताहिकाने या विजयाचं श्रेय जातीची बंधनं बाजूला ठेवण्याला दिलं आणि मैदानावर जे साधलं ते समाजात का साधू नये, असा प्रश्न टाकला.

१९११ च्या उन्हाळ्यात पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. पतियाळाचे तरुण महाराजा भूपिंदर सिंग कर्णधार, पण मेजवान्यांत इतके गुंतलेले की मैदानावर ते फारसे दिसलेच नाहीत. संघ बहुतेक सामने हरला. त्या पडझडीत ३५ वर्षांच्या बाळूंनी दुखरा खांदा घेऊन सगळे सामने धरून ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८ बळी. लेस्टरशायरवर मिळालेल्या पहिल्या विजयात सामन्यात ११ बळी. सॉमरसेटविरुद्ध शिवरामनी शतक ठोकून एका गड्याने सामना काढला. त्याच वर्षी डिसेंबरात दिल्लीत दरबार भरला आणि राजधानी कलकत्त्याहून इथे आणायचं जाहीर झालं. सरोजिनी नगरसारख्या सरकारी वसाहतींचं मूळ त्या घोषणेत आहे.

इंग्लंडहून परतल्यावर मुंबईत बाळूंचा सत्कार झाला. अस्पृश्य समाजाच्या त्या सत्कारातल्या मानपत्रामागे विशीतले भीमराव आंबेडकर होते. पुढच्या काळातली सगळी तणातणी माहीत असलेल्या माणसाने हा क्षण जरा थांबून पाहावा. एल्फिन्स्टन कॉलेजातला हा तरुण ज्याचा अभिमान बाळगत होता तो त्याच्या समाजातला सर्वांत प्रसिद्ध माणूस होता, आणि तो प्रसिद्ध होता हाताच्या बोटांच्या करामतीवर.

कर्णधारपद मात्र आलं नाही. बाळू संघातले सर्वांत ज्येष्ठ, सर्वांत यशस्वी, तरी दरवर्षी निवड दुसऱ्या कुणाची तरी व्हायची. एम. डी. पै या सारस्वत कर्णधाराने १९१३ मध्ये स्वतःच्या सत्कारात उघड सांगितलं की हा मान खरं तर माझे मित्र बाळू यांचा आहे. १९२० मध्ये पै आजारी पडले तेव्हा कर्णधारपद द. ब. देवधरांकडे गेलं आणि बाळूंना संघातूनच वगळलं. शिवराम आणि विठ्ठल या दोन्ही भावांनी संघ सोडला आणि कारण वर्तमानपत्रांतून लोकांसमोर ठेवलं. देवधर हे थोर खेळाडू, त्यांच्याबद्दल भावांच्या मनात अनादर नव्हता. प्रश्न होता निवड कशाच्या जोरावर होते याचा. मुंबईत ओरड झाली. पै बरे होऊन परत आले, बाळूंना उपकर्णधार केलं, भाऊ संघात परतले. आणि सामना चालू असताना पै काही वेळ मैदानाबाहेर जाऊन बसले.

एवढंच. पण तेवढा वेळ हिंदूंचा संघ बाळू पालवणकरांच्या इशाऱ्यावर हलला. पंचेचाळिशीला टेकलेला तो गोलंदाज मैदानाच्या मधोमध उभा आहे, हाताने कुणाला स्लिपमध्ये सरकवतोय, कुणाला सीमेवर पाठवतोय, आणि ज्यांच्या घरात त्याला उंबरठ्याच्या आत यायची सोय नव्हती अशा घरांतली मुलं त्याच्या हाताबरहुकूम धावताहेत. ते दृश्य पाहिलेलं आता कुणी उरलेलं नाही. पै यांच्याबद्दल मला फार आदर आहे. त्यांनी भाषण केलं तेही बरं झालं, पण मैदानाबाहेर जाऊन बसणं हे त्याहून मोठं काम होतं.

१९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि संघाने स्पर्धा जिंकली. थोरल्याला जे मिळालं नाही ते धाकट्याने मिळवलं, तेही थोरल्याच्या बळींच्या पायावर. विठ्ठलनी पुढे 'माझे क्रीडा-जीवन' हे मराठी आत्मकथन लिहिलं, ते १९४८ चं. बाळूंच्या नावावर प्रथम श्रेणीचे ३३ सामने आणि १७९ बळी राहिले, सरासरी १५.२१.

आता सरोजिनी नायडू. सप्टेंबर १९३२ मध्ये त्या येरवड्याच्या तुरुंगात होत्या. दलितांच्या स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध गांधीजींनी २० तारखेला उपोषण सुरू केलं, तेव्हा त्यांना गांधीजींकडे आणलं गेलं. तुरुंगाच्या अंगणात आंब्याच्या झाडाखाली खाट, शेजारी सरोजिनीबाई. कोणाला आत सोडायचं, किती वेळ बोलू द्यायचं, हे त्याच सांभाळत. २४ तारखेला पुणे करार झाला. मालवीय, आंबेडकर, राजगोपालाचारी, राजेंद्र प्रसाद यांच्या सह्यांबरोबर त्या यादीत एक सही आहे पी. बाळू यांची. पुण्याच्या मैदानावर तीन रुपयांवर खेळपट्टी झाडणारा पोरगा चाळीस वर्षांनी त्याच पुण्यात देशाच्या एका मोठ्या करारावर सही करत होता.

त्या करारावर त्यांची बाजू आंबेडकरांच्या बाजूहून वेगळी होती. बाळू गांधीजींच्या आणि काँग्रेसच्या मार्गाने गेले. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत आंबेडकरांसमोर बाळूंनाच उभं केलं. आंबेडकरांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५. मानपत्र लिहिणारा तरुण आणि ते स्वीकारणारा खेळाडू एकमेकांसमोर उभे होते. या लढतीत बाळूंना चुकीचं ठरवायची घाई मला करवत नाही. मातीचा पेला हळूहळू आत जातो हे त्यांनी स्वतःच्या आयुष्यात पाहिलं होतं. तेवढ्यावर विश्वास ठेवायला आंबेडकर तयार नव्हते, आणि त्यांच्याकडे त्याची सबळ कारणं होती. आजच्या वाचकाला आंबेडकर बरोबर वाटतात, मलाही वाटतात. पण बाळूंचा विश्वास भोळा नव्हता, तो कमावलेला होता.

रॉबिन्सननाही खुर्ची दूरच राहिली. निवृत्तीनंतर ते नागरी हक्कांच्या चळवळीत उतरले, हार्लेममध्ये बँक उभारण्यात पुढे झाले, राजकारण्यांना तिखट पत्रं लिहीत राहिले. १५ ऑक्टोबर १९७२ ला त्यांचा मोठा सत्कार झाला. मधुमेहाने नजर गेलेली, केस पांढरेशुभ्र. आभार मानून त्यांनी सांगितलं की एखाद्या संघाचा व्यवस्थापक म्हणून काळा माणूस दिसेल तेव्हा मला जास्त आनंद होईल. नऊ दिवसांनी ते गेले. पहिला कृष्णवर्णीय व्यवस्थापक, फ्रँक रॉबिन्सन, १९७५ मध्ये आला. १९९७ मध्ये ४२ नंबर सगळ्या संघांमधून निवृत्त करण्यात आला, म्हणजे यापुढे नव्याने कुणालाच तो मिळणार नाही. आणि आता दरवर्षी १५ एप्रिलला मात्र प्रत्येक संघातला प्रत्येक खेळाडू ४२ च घालून खेळतो. मैदानावर त्या दिवशी कोण कुठला हे पाठीवरून ओळखता येत नाही.

भाचीने टोपी घेतली. भावही केला, आजीच्या हातचा असावा असा, सत्तर रुपयांवर आणला. मग मेट्रोत बसल्यावर तिने फोनवर एक जुनी चित्रफीत शोधून काढली आणि आम्ही ती पिंक लाइनवर दोन-तीनदा पाहिली.

बाळू पालवणकर ४ जुलै १९५५ ला गेले. ही चित्रफीत त्याच वर्षीच्या २८ सप्टेंबरची. वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना, न्यूयॉर्कचं यांकी स्टेडियम, आठवा डाव, डॉजर्स दोन धावांनी मागे. तिसऱ्या बेसवर ३६ वर्षांचे रॉबिन्सन, आता जरा जाडावलेले. पिचर व्हायटी फोर्ड हात वर नेतो आणि ते सुटतात. कॅचर योगी बेरा पुढे झेपावतो, चेंडू त्याच्या हातमोज्यात येतो, रॉबिन्सन पाय पुढे टाकून धुळीत घसरतात, हातमोजा पायावर आदळतो. पंच दोन्ही हात आडवे पसरतो, सेफ. बेरा टाणकन उडी मारून पंचाच्या अंगावर ओरडत जातो. रॉबिन्सन मागे वळूनसुद्धा बघत नाहीत. तो सामना डॉजर्स एका धावेने हरले, मालिका ४ ऑक्टोबरला जिंकले. तो गडी बादच होता, असं योगी बेरा २०१५ मध्ये जाईपर्यंत सांगत राहिला.

"परत लाव," मी म्हटलं. भाचीने फोन आडवा धरला.